पेटीतला पिवळा फ्रॉक

दोन हजार तीन सालची गोष्ट. एका शनिवारी सकाळी आम्ही चौघं आर्वीहून गिरडला निघालो... मी, हे, सासूबाई आणि आमची गुड्डी. रविवारी तिला पाच वर्षं पूर्ण होणार होती, आणि तिचा पहिला वाढदिवस आम्ही गिरडच्या टेकडीवर करणार होतो.

पाचव्या वर्षी पहिला वाढदिवस कसा, असं तुम्हाला वाटेल. सांगते...

गुड्डीच्या आधी मला मुलगा झाला होता. त्याचा पहिला वाढदिवस मी हट्टाने मोठा केला. केक, फुगे, नवा सूट, अर्धी गल्ली जेवायला. पंधरा दिवसांत तो तापाने गेला. नजर लागली, असं सगळे म्हणाले. वाढदिवस कोणी मांडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतंच.

मग गुड्डी झाली, तेव्हा सासूबाई गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांना नवस बोलल्या. पाच वर्षं पोरीच्या अंगाला विकतचं कापड लागणार नाही, वाढदिवस होणार नाही. लोकांकडून मागून आणलेले जुने कपडेच तिने घालायचे. पाच झाली की दर्ग्यावर न्यायचं, चादर चढवायची आणि तिथेच पहिला नवा फ्रॉक घालायचा.

आता गंमत बघा, आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकांसमोर हे ठाणांवर ठाणं उलगडायचे, आणि मालकाची लेक बाजूला कोणाचा तरी विटका फ्रॉक घालून बसलेली. बाहेरगावचं गिऱ्हाईक तर तिला कामवालीची पोर समजायचं. यांना वाईट वाटायचं, पण आईपुढे बोलायची प्राज्ञा नव्हती.

वर्धा, हिंगणघाट करत तीन बस बदलून आम्ही संध्याकाळी गिरडला पोचलो. यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने खोली दिली होती. गुड्डी पोचल्या पोचल्या गोल गोल दगड गोळा करायला लागली... आयुष्यात पहिल्यांदा गावाला आलेलं लेकरू, तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मला मात्र उद्याचा दिवस नको होता. कारण तो नवस मी मोडला होता, आणि हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

गुड्डीच्या तिसऱ्या वाढदिवसाची गोष्ट. त्या दिवशी मलाच राहवलं नाही. दुकानातलं पिवळं कापड गुपचूप शिवून आणलं होतं. दुपारी सगळे निजले, तेव्हा दार लावून मी तिला तो फ्रॉक घातला. तासभर नुसती बघत बसले हो... एवढी गोड दिसत होती.

संध्याकाळी पोरगी तापाने फणफणली. तीन दिवस ताप. मी फ्रॉक पेटीच्या तळाशी लग्नाच्या शालूखाली कोंबला आणि ते तीन दिवस कसे काढले, ते माझं मला ठाऊक. ती बरी झाली. माझी भीती काही बरी झाली नाही. नवस फेडायच्या दिवशी हिशोब होईल, आणि तो माझ्या लेकीकडून घेतला जाईल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी आम्ही रोडग्यांचा स्वयंपाक मांडला. हे गुड्डीला घेऊन चादर आणायला गेले. सासूबाई गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे फिरवत होत्या. मला राहवलं नाही.

"आई, मी वर येत नाई. माह्याकडून नवस मोडला."

त्यांनी मान वर केली नाही. "पिवळा फ्रॉक ना? मालूम हाये मले."

मी हातातली परात खाली ठेवून त्यांच्याकडे वळले.

"तापलेल्या पोरीले मी मांडीवर घेतलं, तं तिच्या आंगाले कोऱ्या कापडाचा वास येऊन राह्यला होता. मंग तुही पेटी पाह्यली." त्या रोडगा फिरवत सांगत होत्या, जसं काही काल बाजारातून काय आणलं ते सांगताहेत. "बाजूच्या बाईकडे घेऊन गेलती तो फ्रॉक. तिच्या पोरीच्या आंगात घातला, घटकाभर खेळू देली, मंग पदर पसरून मांगून आनला. झाला जुना. ठेवून देला व्हता तिथंच."

मला रडूच फुटलं. "मंग मले काऊन नाई सांगतलं? दोन वर्सं मी..."

त्यांनी रोडगा आरावर सोडला. मग म्हणाल्या, "पयलं लेकरू गेलं तवा सगळ्याईनं तुलेच बोल लावला. मीबी लावला. अजून एक बोल तुह्या डोक्शावर कायले ठेवू वं?"

पहिल्या लेकराबद्दल त्या माझ्याशी सहा वर्षांत पहिल्यांदा बोलल्या. आम्ही दोघी त्या आराजवळ बसून खूप रडलो... रोडगे एका बाजूने पार काळे झाले.

मग वर गेलो. चादर चढवली, गुड्डीला नवा फ्रॉक घातला. सासूबाईंनी तिच्यावरून बोटं मोडली आणि रेवड्या वाटल्या. दर्ग्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी न विचारता सांगत होते, "आज पाचवं लागलं... नाही, पाच पूर्ण झाली माझ्या मुलीला."

सासूबाई आता नाहीत. नवस-नजर खरी की खोटी, मला अजून सांगता येत नाही. बाबांनी माझ्या लेकीला राखलं, हे मी मानते. पण त्या संध्याकाळी नात तापाने फणफणलेली असताना ती बाई पदराखाली फ्रॉक लपवून शेजारी गेली होती, ती मला राखायला.