पाटावर मांडलेली डिस्क

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा आधी मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. त्याची बायको, शोभावहिनी, अमरावतीहून रडत सांगत होत्या आणि मी इथे अकोल्यात खुर्चीवर बसून मनात म्हणत होतो, सुटलो... आता ते सांगायला नको. रडू दुसऱ्या दिवशी आलं, स्मशानातून परतताना.

मूर्तिजापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो मास्तर झाला, मी कारकून. चांदूर बाजारकडच्या खेड्यांत नोकरीला असताना त्याला नाद लागला. धम्म घेतल्यावर तिथल्या बायांनी देवाच्या ओव्या सोडून जात्यावर स्वतःच्या नव्या ओव्या रचल्या होत्या, त्या गोळा करायच्या. दर रविवारी एसटीने जायचा, म्हाताऱ्यांपुढे रेकॉर्डर ठेवून तासन्तास बसायचा. परवाच्या शोकसभेत 'अनमोल ठेवा' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्यातली एक ओवी ऐकली नव्हती. मी दोन ऐकल्या होत्या, त्याही अर्धवट.

हे सगळं एका हार्ड डिस्कमध्ये होतं. "अरविंद, इची एक कापी करून ठेव बे, तुले जमते," म्हणून त्याने ती माझ्याकडे दिली. एका दुपारचं काम. आज करतो, उद्या करतो म्हणत मी महिना घालवला, तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळा, पाना, मुलाचा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडलं आणि मनात आलं, नामदेवचं हत्यार तर हेच. मोठ्या प्रेमाने डिस्क मधोमध ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि फुलाने पाणी शिंपडताना माझ्याच हाताने तांब्या कलंडला. ज्या बायांनी पूजा सोडली, त्यांचे आवाज मी पूजेच्या पाण्यात बुडवले. वर शहाणपण असं की डिस्क गच्चीवर उन्हात वाळवली आणि लॅपटॉपला जोडली. आतून टकटक आवाज आला. काढली, पुन्हा जोडली. दोन दिवस हेच करत राहिलो.

नामदेवला सांगितलं, "जुनी होती, आपसूक गेली."

अमरावतीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे आम्ही दोघं ती घेऊन गेलो. चार दिवसांनी त्याने उघडलेली डिस्क पुढे ठेवली. "काका, इच्यात पानी गेलं होतं काय? अन तशीच चालू करून पायली कोनीतरी. आतल्या चकतीवर चरे पडले."

"नाई," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो.

नामदेव काउंटरकडे पाहत होता. "काईच नाई निंगत का?" त्याने विचारलं. फोल्डरची नावं निघाली. गंगाबाई, सुभद्राबाई, मंजुळाबाई दोन तास... आत काही नव्हतं. बाहेर येऊन त्याने मला चहा पाजला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी समजलो, त्याला पटलं. माणूस सोयीचं तेच समजतो.

पुढे वर्षभर छातीचं दुखणं घेऊन तो पुन्हा त्याच खेड्यांत फिरला. बहुतेक बाया आता नव्हत्या, होत्या त्यांना आठवत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचा फोन आला की मी दचकायचो आणि उलट त्याच्यावरच चिडायचो, "काहून जीव घालवून राहिला बे?" तो म्हणायचा, "मंग कोन करन?" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. नामदेवच्या टेबलाच्या खणातून त्यांनी एक नवी डिस्क काढून माझ्या हातात दिली. "भाऊजी, लय वनवन करून जमवलं त्याईनं. मले यातलं काई समजत नाई, अन चष्म्याबिगर दिसतई नाई. तुमीच एक कापी करून द्या."

डिस्कवर पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर नामदेवचं गोल, मास्तरी अक्षर: 'अरविंदले देऊ नोको.'

मी ती त्यांच्या हातात परत ठेवली. म्हटलं, "वहिनी, चष्मा लावा अन वाचा."