नऊ पेजेस, एक घरघंटी आणि पप्पा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगते, नंतर कुणी म्हणायला नको. खरं तर तापट माणसानं सोशल मीडियाच्या कामात पडूच नये. दिवसभर कुणीही येऊन वाट्टेल ते लिहून जातं आणि आपण हात जोडल्याचं चित्र टाकून 'आपल्या सूचनेबद्दल आभार' म्हणायचं. दातओठ खात मी हे पाच वर्षं केलं, आणि गंमत म्हणजे मला ते फार आवडायचं.

कॉलेज रोडला एका चहाच्या दुकानाच्या वर आमची एजन्सी होती. तीन टेबलं आणि नऊ क्लायंट. दातांचा दवाखाना, साड्यांचं दुकान, दोन हॉटेलं, एक क्लास, एक जिम, एक बिल्डर, एक फर्निचरवाले आणि बेदाणे विकणारे एक काका. या नऊ जणांनी इन्स्टा-फेसबुकवर काय टाकायचं, कधी टाकायचं, कुणाला काय उत्तर द्यायचं, ते सगळं आम्ही बघायचो. आम्ही म्हणजे मी, एक डिझायनर आणि एजन्सीची मालकीण, जिला आम्ही ताई म्हणायचो. मी तिथे गेले तेव्हा मला धड दोन ओळी लिहिता येत नव्हत्या. ताईनं शेजारी बसवून शिकवलं. माझी पहिली पोस्ट तिनं अकरा वेळा परत पाठवली होती. बाराव्या वेळेला काही न बोलता खालून दोन कटिंग मागवले.

नऊच्या नऊ पेजेस माझ्या एका फोनमध्ये असायची. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट दाबलं की मी दातांची डॉक्टर, पुन्हा दाबलं की साडीवाली. माझं स्वतःचं अकाउंट त्या यादीत दहावं. त्यामुळे फोन खाली ठेवायची सोयच नव्हती. रविवारी दुपारी हॉटेलच्या पेजवर कुणीतरी 'भाजी खारट होती' लिहिणार, बिल्डर ऐन जेवणाच्या वेळेला 'लोगो जरा मोठा करा' म्हणणार. सणाचं तर विचारूच नका, नऊ जणांच्या शुभेच्छा टाकता टाकता आमचा सण बाहेरच्या बाहेर निघून जायचा. घरी मी ताटावर मान खाली घालून, फोनमध्ये बघतच बोलायचे. घरच्यांना त्याची सवय झाली आहे, असं मीच ठरवून टाकलं होतं.

घर म्हणजे मी, मम्मी आणि पप्पा. पप्पांनी एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचे, दिवसभर धाडधाड. ते रिटायर झाले त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. मी दारातच फोन घेऊन उभी, व्हिडिओ काढायला. मनात आठ दिवस घोळवलेलं एक वाक्य होतं. फोन तोंडासमोर धरून मी ते बोलले, "पप्पा, आता तुम्ही आराम करायचा. घर मी बघते."

पप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मान जरा वाकडी केली आणि पाय धुवायला मोरीकडे निघून गेले.

मला असा राग आला म्हणून सांगू! मुलगा हे बोलला असता तर असेच निघून गेले असते का? आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे राग उतरला, पण आत कुठेतरी ते सलत राहिलं. पप्पाही हळूहळू कमी बोलायला लागले. मी काही विचारलं तर कधी उत्तर द्यायचे, कधी नुसते पेपरात बघत बसायचे. मम्मी म्हणाली, रिटायर झालेली माणसं होतात अशी. मम्मीचा आवाज मुळात असा की गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो.

अशात या वर्षी मार्चमध्ये मला सातपूरच्याच एका कंपनीतून बोलावणं आलं. ही कंपनी घरघंट्या बनवते, घरी पीठ दळायच्या छोट्या गिरण्या. आमच्या बेदाणेवाल्या काकांचे रील्स त्यांच्या साहेबांना आवडले होते. साहेब म्हणाले, बाहेरच्या एजन्सीला काम देण्यापेक्षा आमच्याकडेच या, एकच पेज सांभाळा. मी भेटून आले. नऊ ते सहा, रविवारी सुट्टी. मी विचारलं, "सहानंतर कुणाची कमेंट आली तर?" साहेब म्हणाले, "सकाळी बघा की. पीठ काय पळून जातंय?"

हसले मी, पण मन काही तयार होईना. पिठाचे रील्स करून करून किती करणार? ज्वारी, बाजरी, नाचणी, संपलं. इकडे नऊ प्रकारची माणसं, रोज नवं भांडण, रोज नवी मजा, आणि ताई. मी वहीत मधोमध रेघ मारून दोन्हीकडे मुद्दे लिहिले. पानं भरली, निर्णय काही होईना. पप्पांना विचारलं, त्या वेळी नेमकी त्यांच्यासमोर भाकरी वाढत होते. ते म्हणाले, "सातपूर मी केलं तेवढं पुरे. तुला जिथं मजा येते तिथं राहा." झालं, विषय मिटला असं मी धरलं. साहेबांना नाही म्हणायला एप्रिल अखेरपर्यंत मुदत होती.

मग चौदा एप्रिल आला. आमच्या कॉलनीत जयंती म्हणजे सकाळपासून नुसती धांदल. पप्पांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून घातला होता. मी दवाखान्याची जयंतीची पोस्ट टाकून नुकतीच मोकळी झाले होते. पप्पा इतके देखणे दिसत होते की मी लगेच फोन समोर धरला आणि म्हटलं, "पप्पा, इकडे बघा! कसं वाटतंय आज?" ते काहीच बोलेनात. फोनच्या डाव्या कडेनं डोकावले, मग उजव्या कडेनं. मला वाटलं, गंमत करताहेत. मी खिदळत फोन खाली घेतला, तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि ते दिलखुलास हसून म्हणाले, "एकदम मस्त!" व्हिडिओ मी तसाच्या तसा टाकून दिला. वर लिहिलं, 'आमचा हिरो, एक नंबर!'

कोपऱ्यातला गोल बदलायचा राहिला होता. व्हिडिओ गेला दातांच्या दवाखान्याच्या पेजवर. त्यात माझ्या पप्पांचा पुढचा एक दात नाही.

मिरवणुकीत होते म्हणून फोनकडे दोन तास लक्षच गेलं नाही, तेही नेमकं त्याच दिवशी. बघितलं तेव्हा डॉक्टरांचे सात मिस्ड कॉल. मी फोन केला तर म्हणाले, "मॅडम, हे गृहस्थ कोण? आपल्याकडे यांचं काय काम झालंय? निदान दात बसवून तरी टाकायचा व्हिडिओ!" ताईचा फोन आला तो वेगळाच. तिनं आधी मला यथेच्छ झापलं आणि मग म्हणाली, "डिलीट कर, पण त्याआधी कमेंट्स वाच."

लोकांनी भरभरून लिहिलं होतं. काका भारी, काका गोड, काकांचा शर्ट कुठून घेतला. मी हसत हसत खाली खाली जात होते. तिथे कुणा अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, 'ताई, काकांना ऐकायला कमी येतं का? फोनमुळे तुमचं तोंड झाकलं गेलंय, म्हणून ते कडेनं तुमचे ओठ शोधताहेत. फोन खाली आल्यावर लगेच उत्तर दिलं बघा. माझे सासरे असंच करायचे.'

मी व्हिडिओ पुन्हा लावला. डावीकडे, उजवीकडे. गंमत कसली, ते मला शोधत होते.

रस्त्याच्या कडेला एका ओट्यावर मी बसले. डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. दारातलं ते घड्याळ, ती शाल, वाकडी केलेली मान. अहो, त्यांना माझं ते वाक्य ऐकूच गेलं नव्हतं! आणि मी दीड वर्ष मनात डूख धरून बसले होते. आपल्याच बापाविषयी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

संध्याकाळी मी पप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसले. फोन आत ठेवला होता. विचारलं, "कधीपासून?" आधी त्यांनी कसलं काय म्हणून टाळलं. मग शर्टाची बाही सारखी करत म्हणाले, "रिटायर व्हायच्या आधीपासूनच. तुझ्या मम्मीचं कळतं. तुझं, तू तोंड वर केलंस की कळतं."

"मग सांगायचं नाही का?"

"तू कामात असतेस. मला वाटलं, हल्ली तू बोलतच नाहीस फारसं."

मी रडले. तेही रडले. मम्मी बाहेर येऊन म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?" आणि मग सगळं कळल्यावर आम्हा दोघांवर तेवढ्याच जोरात ओरडली.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन बसलं. पप्पांनी दोन दिवसांत काढून डब्यात ठेवलं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणाले. मी पुन्हा लावायला लावलं. डॉक्टर म्हणाले होते, मशीननं आवाज येईल, पण शब्द कळायला त्यांना तुमचा चेहरा लागणारच. समोर बसून बोलत जा. वहीतल्या त्या पानांवर हा मुद्दा कुठेच नव्हता. मी वही मिटली आणि घरघंटीच्या साहेबांना फोन करून हो म्हटलं.

पप्पा चिडले. "माझ्यासाठी सोडू नकोस. आवडीचं काम आहे तुझं." मी त्यांच्याहून जास्त चिडले. म्हटलं, "तुमच्यासाठी कोण सोडतंय? माझ्यासाठी सोडतेय. मला बोलायचंय तुमच्याशी." एजन्सीत राहून फोन बंद ठेवणारीही माणसं असतील. मी नाही तशी. मला ते पाच वर्षांत जमलं नाही, सहाव्या वर्षी जमेल असं खोटं कशाला बोलू?

ताईला सांगणं मात्र जड गेलं. तिनं समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मला माहीत होतं. त्या कमेंटनंतर तू ऑफिसातसुद्धा मान वर करून बोलायला लागलीस." शेवटच्या दिवशी तिनं माझ्यासमोर बसून एकेका पेजवरून माझं नाव काढलं. प्रत्येक वेळी माझा फोन टिंग वाजायचा, 'तुम्हाला या पेजवरून काढण्यात आले आहे.' साड्या गेल्या, जिम गेली, बेदाणे गेले. आठ टिंग होईपर्यंत दोघींनी कसंबसं रडू आवरून धरलं. नवव्या वेळी, दातांच्या दवाखान्याला, ताईचं बोट थांबलं. म्हणाली, "डॉक्टर विचारत होते, ते काका कसे आहेत. दात बसवायला पाठव म्हणाले." मग टिंग वाजलं आणि आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो. खालून दोन कटिंग आले. या वेळी मी मागवले होते.

नव्या नोकरीचा पहिला दिवस ज्वारीच्या पिठात गेला. कंटाळा आला का? आला, खोटं का बोला. सव्वासहाला घरी पोचले तेव्हा पप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते, कानात मशीन. मी पर्स आत फेकली, फोन त्यातच. दुसरी खुर्ची त्यांच्यासमोर ठेवली, तोंड उजेडाकडे केलं आणि दीड वर्षापूर्वीचं वाक्य सावकाश बोलले.

"पप्पा, आता तुम्ही आराम करायचा. घर मी बघते."

ते माझ्या ओठांकडे बघत होते, शेवटचा शब्द संपेपर्यंत. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"घर मी बघतो गं," ते म्हणाले. "तू फक्त अशी समोर बसून बोलत जा."

मग मी बोलत बसले. घरघंटीचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, सातपूरच्या चौकातल्या त्यांच्या वेळच्या चहावाल्याचं विचारलं. आतून मम्मी ओरडली, जेवायला या, आणि आम्ही दोघांनी एकदमच "आलो" म्हटलं.