चारचा लाल चहा

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. खिडकीच्या जाळीवर धूळ साचते तसे ते साचतात, आणि झटकायचाही कंटाळा येतो. पडेगावच्या आमच्या जमीनमोजणीच्या नकाशांच्या ऑफिसात तर सगळे किस्से एकाच चहाचे!

आमचे जोशी सर नाकाचे पक्के. जिन्यातूनच ओरडायचे, "नसरीन, आज डब्यात मेथी!" मग एका तापात ते नाकच गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास आठवत राहा, येईल कदाचित. तेव्हा चीनमध्ये नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकीनं लाल चहाची दाबून केलेली एक चकती पाठवली. फार जुन्या झाडांची पानं, वर्षानुवर्षं मुरवलेली. "बाबा, याचा वास तुम्हाला येणारच," असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

चकती बघून पिशोरचे आमचे शिंदे म्हणाले, "साहेब, आमच्याकडं जुना चहा दिला तर लोक दुकान बदलतेत!"

*

रोज चार वाजता तो बिनदुधाचा चहा आम्ही प्यायचा आणि वास सांगायचा. सर कप नाकाशी धरून, डोळे मिटून तो आठवायचे.

पहिल्या दिवशी नसरीन म्हणाली, "सर, कुछ शहद जैसा है. मधासारखं." सरांनी मान डोलावली.

शिंदे म्हणाले, "ज्वारीच्या कणगीवानी."

सरांनी डोळे न उघडता विचारलं, "भरलेल्या की रिकाम्या?"

शिंद्यांनी कप पुन्हा हुंगला!

*

पॅन्ट्रीतल्या कांतामावशींना हा चहा बघवत नसे. एकदा त्यांनी गुपचूप दूध, साखर, आलं घालून उकळला. वर म्हणतात, "एवढ्या म्हाताऱ्या झाडाला बिगर दुधाचं उकळायचं? माझा जीव व्हत नाय!"

आम्हाला मनातून कोण आनंद! पण सरांनी कपातला रंग बघितला आणि म्हणाले, "मावशी, सध्या माझं नाक म्हणजे ही मंडळी. त्यांनाच आल्याचा वास दिलात तर मी काय आठवू?"

आमचे कप तसेच राहिले.

*

खरं सांगायचं तर चहा वाईट नव्हता. जिभेवर पाण्यासारखा, आणि घोट गेल्यावर मागाहून घशात गोड. पण रोज नवा वास आणायचा कुठून? शिसवी कपाट झालं, सुकं अंजीर झालं, दौलताबादच्या रस्त्यावरचं पिकलेलं सीताफळ झालं. समोर नकाशे तुंबलेले, गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय, आणि आम्ही वास शोधतोय! शेवटी आम्ही पाळ्या लावल्या.

एके दिवशी पाळी शिंद्यांची. सकाळपासून उन्हात मोजणी करून आलेले. म्हणाले, "साहेब, आज चहाला चहाचाच वास येतोय!"

सर मनापासून हसले. मग म्हणाले, "तो कसा असतो हो, शिंदे?"

आम्ही सगळ्यांनी कप पुन्हा नाकाशी नेले.

*

आणि एका सोमवारी सर पेढे घेऊनच आले. "आला! मधाचा वास आला! नसरीन, तू पहिल्या दिवशी सांगितलंस तोच." नसरीनच्या डोळ्यांत पाणी. शिंद्यांनी दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

"आता तुम्ही सुटलात," सर म्हणाले. "आपापला दुधाचा चहा घ्या. हा मी एकटा पिईन."

त्या दिवशी मावशींच्या आल्याच्या चहाचे आम्ही दोन-दोन कप घेतले. इतके दमलो होतो आम्ही.

*

मागच्या आठवड्यात मावशी फोनवर बोलत बसल्या आणि दूध करपलं. पातेलं खालून काळं! वास असा, की नसरीननं ओढणी नाकाला लावली, शिंद्यांनी रुमाल, आणि मी खिडक्या उघडत सुटलो. सरांची केबिन पॅन्ट्रीला लागूनच. त्यांना बाहेर बोलवायला आम्ही तिघं दाराशी गेलो.

दार सताड उघडं. सर आपला लाल चहा घेऊन निवांत बसलेले. आम्हाला बघताच त्यांनी घाईनं कप नाकाशी नेला.

"वा! आज मध काय सुरेख उतरलाय! तिथपर्यंत येतोय ना?"

शिंद्यांनी नाकावरचा रुमाल खिशात घातला आणि खुर्ची ओढली.

"व्हय साहेब, लई येतोय. मलाबी द्या एक कप."