ती डबल बेल मी दिली नव्हती

मेट्रोविषयी माझे मत चांगले आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो. कारण बसचा जुना वाहक म्हणून मी मेट्रोवर जळतो, अशी एक हकिगत आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर सांगितली जाते. ती खोटी आहे. त्या रविवारी मी कोथरूडला मेट्रोत चढलो आणि दुसऱ्याच स्थानकावर उतरून चालत घरी आलो, त्याचे कारण मेट्रो नव्हे.

कट्ट्यावरचे आम्ही सातजण होतो. शेजारी माझा चालक बसला होता. ‘माझा’ म्हणतो, कारण एकोणीस वर्षे आम्ही दोघे एकाच मार्गावर होतो. स्टिअरिंग त्याचे, घंटेची दोरी माझी; वाहक म्हणून मला सगळे ‘मास्तर’ म्हणत. दोरी एकदा ओढली की थांबायचे, दोनदा ओढली की निघायचे. डबल बेल मिळाल्याखेरीज चालकाने गाडी हलवायची नाही, हा नियम.

मेट्रोचे दरवाजे आपोआप मिटले, तसा तो मोठ्याने म्हणाला, “बघा, इथे मास्तरांची घाई चालत नाही. शनिवार पेठेत त्या बाईंचा पाय मोडला, आठवतंय? बाई पायरीवर, आणि यांची डबल बेल!”

“कोणाची?” मी विचारले.

“अहो, तुमचीच. मी काय पुढे बसून दोरी ओढत होतो?”

“मास्तरांना जेवायची घाई असेल,” एकाने भर घातली. सगळे हसले.

वस्तुस्थिती अशी. माझा एक हात त्या बाईंच्या पिशवीला होता, दुसऱ्यात तिकिटांची पेटी होती. दोरी ओढायला तिसरा हात देवाने मला दिलेला नाही. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला आणि याने गाडी सोडली. संध्याकाळी डेपोत तो माझ्यापुढे रडला. तो अजून नोकरीत कायम व्हायचा होता. चूक त्याची ठरती तर घरी बसला असता. मला फक्त ताकीद मिळणार होती. चौकशीत मी लिहून दिले, बेल माझीच. “मास्तर, जन्मभर विसरणार नाही,” हे त्याचे शब्द.

“आता खरं सांग,” मी त्याला म्हणालो, “त्या दिवशी बेल झाली होती?”

तो हसायचा थांबला. खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणाला, “तुमच्याच अक्षरात आहे की, मास्तर.”

म्हणजे विसरला नव्हता. विसरला असता, तर मी शेवटपर्यंत त्याच्याशेजारी बसलो असतो.

त्या बाई आता हयात नाहीत. पाय प्लास्टरमध्ये असताना मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो होतो. खाटेवरूनच त्या म्हणाल्या, “घंटा जरा बघून वाजवत जा हो.”

मी “हो” म्हणालो.