गळती दाखवणारा रंग

डोळ्यांच्या तपासणीसाठी सिस्टरने हाताच्या शिरेत पिवळ्या रंगाचं औषध सोडलं आणि म्हणाली, "काका, थोडं मळमळेल. अंग पिवळं दिसेल, लघवीही. दोन दिवसांत जाईल, घाबरू नका." मी यंत्रावर हनुवटी टेकवली. डोळ्यात निळा उजेड लखलखत राहिला.

गेल्या वर्षी आमच्या बाथरूमची गळती शोधायला प्लंबरने असाच रंग पाण्यात सोडला होता. दोन तासांनी तो खालच्यांच्या छतावर उमटला. "कालपर्यंत तर काही नव्हतं," मी हुज्जत घातली, तेव्हा तो नुसता हसला. पाणी कित्येक महिने झिरपत होतं. मी रोज पेपर वाचत होतो, नातीचे फोटो पाहत होतो, तेव्हा माझ्या डोळ्यांतही असंच काही गुपचूप चाललं असेल का?

डॉक्टर मघापासून क्रिकेटवर बोलत होते. पडद्यावर माझ्या डोळ्याचे फोटो एकामागून एक येऊ लागले. शिरांच्या जाळ्यात एक पांढरा ठिपका होता आणि प्रत्येक फोटोत तो थोडा पसरत होता. डॉक्टर बोलायचे थांबले. घाबरू नका म्हणणारी सिस्टरही कापूस हातात धरून तशीच उभी राहिली.

मग माझ्याकडे न पाहता डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तुमच्यासोबत कोण आलंय?"