सायकलवरची नाडी

पंच्याऐंशी साल असेल. बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांनी रोज थोडा व्यायाम सांगितला, पण आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि सारखं जिने चढायला त्यांना बंदी होती. मग मालाडच्या आत्याने तिच्याकडे पडून असलेली व्यायामाची सायकल पाठवून दिली. एका जागी उभी राहणारी. पुढच्या चाकावर पट्टा होता, तो आवळला की पायडल जड व्हायचं.

ठोके दाखवणारं काही त्या सायकलला नव्हतं. डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायला शिकवलं होतं. पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं, एकशे दहाच्या वर गेलं की थांबायचं. पण पायडल मारताना बाबांना स्वतःची नाडी सापडायची नाही. सापडलीच तर ते घाबरायचे आणि मोजणी चुकायची.

शेजारच्या काकांनाही तोच आजार होता. ते मालवणकडचे. उभा जन्म गिरणीत गेला आणि गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या छातीत कळ आली. ते एकदा बाबांना म्हणाले, "तू चालव, मी मोजतंय. मगे मी चालवतंय, तू मोज."

तेव्हापासून रोज सकाळी दोघं आमच्या बाहेरच्या खोलीत. एक सायकलवर, दुसरा त्याचं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. इतकी वर्षं दारात भेटले तर मान हलवण्यापुरतीच ओळख होती. आता काका आले नाहीत तर बाबा चहा घ्यायचे नाहीत.

पुढे काकांना कांजूरमार्गच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळेल असं कळलं. आधी तिथला डॉक्टर तपासणार होता. काकांनी पट्टा आवळायला सुरुवात केली.

त्या दिवशी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत वेणी घालत होते. बाबांचा आवाज आला, "थांब रे, ठोके खूप झाले."

"अजून दम लागूक नाय माका," काका म्हणाले.

"उतर म्हणतो ना मी तुला."

काका हसल्याचं ऐकू आलं. मग पायडलचा आवाज बंद झाला. मी बाहेर आले तर काका हॅण्डलवर वाकलेले होते आणि बाबा त्यांच्या मनगटावर बोटं घट्ट दाबून उभे होते. ओठ हलत होते. ते अजून मोजत होते. आईने आणि मी मिळून काकांना खाली झोपवलं. डॉक्टर येईपर्यंत बाबांनी हात सोडला नाही.

तेराव्यानंतर काकू आमच्याकडे आल्या. खुर्चीवर न बसता उंबऱ्यातूनच बाबांना म्हणाल्या, "भावोजी, हात तुमच्या हातात होता. तुम्हाला कळलं असणार. मग थांबवलं का नाही?"

मी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

"चुकलं माझं, वहिनी," ते म्हणाले.

काकू निघून गेल्या. आई रडायला लागली. "तुम्ही सांगितलं होतं त्यांना. आम्ही ऐकलंय."

"तिला काय सांगू? तुझा नवरा ऐकत नव्हता म्हणून मेला?" बाबा म्हणाले. "राहू दे माझ्यावर."

महिन्याभरात काकूंनी खोली बंद केली आणि त्या गावी गेल्या. जाताना समोरच्यांचा, खालच्यांचा निरोप घेतला, आमच्या दारावरून मात्र तशाच पुढे गेल्या. बाबा आत बसून ऐकत होते.

बाबा नंतर सायकलवर बसले नाहीत. मी म्हटलं, "ऑफिसला जायच्या आधी मी मोजत जाईन." ते नको म्हणाले. दुसरा अटॅक पुढच्या वर्षी आला, भर दुपारी, आई घरात असताना. मी ऑफिसमधून पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. काकूंना कळवायचं की नाही, यावर आई आणि मी बराच वेळ बोलत बसलो. शेवटी कळवलं नाही.