हात मागे बांधायला लावणाऱ्या ताई

अनसूयाताईंची आणि माझी पहिली भेट जुन्नरला चित्रकला शिक्षकांच्या शिबिरात झाली. मी नोकरीला नवा होतो. त्या मंचरच्या अध्यापक विद्यालयात कलाशिक्षण शिकवत आणि शिबिरात मार्गदर्शक म्हणून आल्या होत्या. भाषण होईल, चहा मिळेल आणि दुपारच्या एसटीने आपण मोकळे होऊ, अशा बेताने आम्ही सारे ड्रॉइंग मास्तर मागच्या बाकांवर बसलो होतो. ताईंनी भाषण केलेच नाही. शेजारच्या शाळेतली मुले आणून सभागृहात बसवली, त्यांच्यापुढे कागद ठेवले आणि आम्हाला म्हणाल्या, "आता तुम्ही सगळे हात मागे बांधा. मुलांची चित्रं पुरी होईपर्यंत सोडायचे नाहीत."

मोठमोठे मिशीवाले मास्तर हात मागे बांधून रांगेत उभे राहिले. मुलांना हसू आवरेना. पाच मिनिटे बरी गेली. मग एका पोराने बैलाला मांजराएवढे केले, दुसऱ्याने घराच्या वर झाड काढले, आणि आमच्या बोटांना खाज सुटली. माझ्या शेजारचे एक ज्येष्ठ गुरुजी कळवळून म्हणाले, "बाई, नुसती शेपटी नीट करून देतो की हो!" ताई म्हणाल्या, "शेपटी त्याची आहे, गुरुजी. तुमची नाही."

आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. तिला आम्ही ‘हात फिरवणे’ म्हणतो. मुलाच्या मागे उभे राहायचे, त्याच्या हातातली पेन्सिल घ्यायची आणि दोन रेघा ओढून चित्र ‘जरा बरे’ करून द्यायचे. साहेब तपासणीला आले की भिंतीवरची चित्रे शोभून दिसतात, पालक खूश होतात, मुलालाही आपण मोठे चित्रकार झाल्यासारखे वाटते. यात काही गैर आहे, असे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलेले नव्हते.

पुढे ताईंनी ‘चित्रपाटी’ हे कलाशिक्षणाचे त्रैमासिक काढले आणि मला हाताशी घेतले. आमच्या घराण्यात पूर्वी जुन्नरला हातकागद होत असे. त्यामुळे कागदावर उमटले की ते खरेच, असा माझा भाबडा समज होता. तो ताईंनी पार मोडून काढला. कळंबला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मासिकाचे ऑफिस होते, अजूनही आहे. लेख आला की ताई पहिल्यांदा लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत. मग तो लेख दोन जाणकारांकडे जाई, आणि ते जाणकार लेखकाच्या गावचे, संस्थेचे किंवा सोयरिकीतले नाहीत ना, हे त्या स्वतः पाहत. आमच्या तालुक्यांत सोयरीक नसलेला माणूस शोधणे म्हणजे काय कष्ट असतात, ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

शिक्षकांना बढतीसाठी लेख हवे असतात, आणि बढती जवळ आली की लेखकाला घाई होते. असेच एक गृहस्थ ओझरच्या विघ्नहराचे दर्शन घेऊन थेट कळंबला आले. पुढ्यात प्रसाद ठेवला, प्रसादावर लेख ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्या अंकात येऊ द्या. देवाच्या पायाला लावून आणलाय." ताईंनी प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला. म्हणाल्या, "प्रसाद देवाचा, तो घेतला. लेख तुमचा आहे, तो वाचणाऱ्यांकडं जाईल." लेख नापास झाला. गृहस्थ वर्षभर आमच्याशी बोलत नव्हते. नंतर त्यांनीच नीट अभ्यास करून दुसरा लेख पाठवला, तो आम्ही छापला.

‘चित्रपाटी’चा सर्वांत कडक नियम मात्र मोठ्यांसाठी नव्हता. मुलाचे चित्र छापायचे असेल तर छपाईआधी त्याचे पान घेऊन त्या मुलाकडे जायचे, चित्र त्याच्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "हे तुझंच का? छापू का?" मास्तरांची परवानगी चालत नसे. पालकांची लागेच, पण तेवढ्यावर भागत नसे. एकदा आंबेगावच्या डोंगराकडच्या एका शाळेत एका मुलाने मान हलवली आणि म्हणाला, "नगा छापू. त्यात आमची आई रडतीय." चित्र फारच सुंदर होते. ज्या लेखासोबत ते छापायचे होते, त्याच्या लेखकाचा सगळा जीव त्यात अडकला होता. ताई "बरं" म्हणाल्या आणि परत आल्या. अंकात त्या जागी नुसती रिकामी चौकट छापली आणि खाली लिहिले : ‘चित्रकाराची परवानगी नाही.’

इतक्या कडक बाईंजवळ माया किती, तेही सांगितले पाहिजे. माझी पत्नी आजारी पडून मंचरच्या दवाखान्यात होती, तेव्हा ताई रोज डबा घेऊन येत. त्या दिवसांत माझाही एक लेख पट्टी लावून जाणकारांकडे गेलेला होता. ताई लेखाबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. पत्नी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी लेख परत आला, नापास. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "निकाल आधीच आला होता. पण डब्याबरोबर देणं बरं दिसलं नसतं." मला रागही आला आणि रडूही आले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीतल्या काही मित्रांचे म्हणणे पडले की अशा मंगल प्रसंगी तो नको. त्यांचा हेतू चांगला आहे. तरीही मी तो लिहितो आहे.

पिंपळवंडीकडच्या एका शाळेत संदीप नावाचे कलाशिक्षक आहेत. ते ताईंचे विद्यार्थी. शिकत असताना ताईंच्याच घरी राहिले, त्यांच्या हातचे खाऊन मोठे झाले. ताईंना मूलबाळ नाही, पण संदीप असताना ती उणीव घरात कुणाला जाणवली नाही. संदीपनी पीएच.डी.साठी विषय घेतला होता मुलांची भीती आणि त्यांची चित्रे. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. कुणाची शेळी जाते, कुणाचे कुत्रे जाते, आणि संध्याकाळी मुलांना एकटे सोडायचे धाडस कुणी करत नाही. संदीपनी मुलांकडून बिबट्याची चित्रे काढून घेतली आणि लेख लिहिला. मुलाच्या मनात भीती जेवढी, चित्रात बिबट्या तेवढा मोठा, असा त्यांचा मुद्दा होता. पट्टी लावून लेख जाणकारांकडे गेला आणि उत्तम शेऱ्यांसह परत आला. तो छापून येण्यावर त्यांची पीएच.डी. अडली होती.

तेव्हा ताईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले होते. शाळेत जाणे शक्य नव्हते. मी जायला तयार होतो. संदीप म्हणाले, "ताई, कशाला त्रास? मी विचारलंय पोरांना." आणि ताईंनी मान डोलावली. दुसऱ्या कुणालाही त्यांनी ही सूट दिली नसती. संदीप घरचे होते.

अंक निघाला. चित्रकार मुलांना अंक स्वतः नेऊन द्यायचा, ही ताईंची पद्धत. काठी टेकत टेकत त्या माझ्या गाडीतून शाळेत आल्या. वैष्णवी नावाची चौथीतली मुलगी होती. तिचे चित्र लेखात पानभर छापले होते : उसाच्या दाट रेघा आणि मधोमध डोळे वटारलेला मोठा बिबट्या. मुलीने अंक हातात घेतला, पाहिला आणि ताईंना परत दिला.

"काय गं? आवडलं नाही?"

"ह्यो बिबट्या माझा न्हाई, बाई. म्या नुसता ऊस काढला व्हता."

"मग बिबट्या कुठं होता?"

"आत व्हता. त्यो दिसतो व्हय कुनाला?"

ताईंनी मागे वळून पाहिले. संदीपसर दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, पोरीनं काय काढलंय तेच कळत नव्हतं. नुसत्या हिरव्या रेघा. मी फक्त जरा हात फिरवला." मग मूळ कागद काढून पाहिले, तर आणखीही काही चित्रांवर हात फिरलेला होता. कुठे पंजा, कुठे शेपटी. संदीपना फसवायचे नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण लेखाचा सारा मुद्दा बिबट्याच्या आकारावर उभा होता, आणि ते बिबटे मास्तरांचे होते. त्या मुलीची भीती उसाच्या रेघांत होती. ती लेखात कुठेच आली नाही.

परतीच्या वाटेवर ताई एवढेच म्हणाल्या, "पोरगी माझ्यापेक्षा खरी निघाली, रशीद."

‘चित्रपाटी’च्या संपादक समितीची बैठक ताईंच्या घरी झाली. बहुतेकांचे मत होते की शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत शुद्धिपत्र द्यावे. हात कोण फिरवत नाही? एवढ्यासाठी एका गरीब शिक्षकाची पीएच.डी. कशाला घालवायची? ताईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या नावावर आपण पानभर खोटं छापलं. खुलासा कोपऱ्यात कसा टाकायचा?"

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर निवेदन आले. लेख मागे घेतल्याचे त्यात होते. पण त्याआधीचे पहिले वाक्य असे होते की, मुलांना विचारल्याशिवाय चित्र छापायचे नाही हा नियम संपादकांनी स्वतः मोडला, कारण लेखक त्यांच्या जवळचे होते. खाली ताईंची सही होती. ते वाक्य काढा म्हणून मी विनवण्या केल्या. ताईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मजकूर छापखान्यात पाठवला आणि आत जाऊन देवापुढे बसून राहिल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

संदीपसरांची पीएच.डी. लांबली. त्यांनी कळंबला येणे सोडले. ताई दिवाळीला माझ्याबरोबर त्यांना फराळाचा डबा पाठवत. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून संदीपसर डब्यात शेतातल्या शेंगा भरून पाठवत. डबा जायचा यायचा, माणूस येत नव्हता. ताई शेंगा सोलताना दाराकडे बघत. मला ते बघवत नसे.

काही वर्षांनी ‘चित्रपाटी’कडे एक लेख आला. नेहमीसारखी पट्टी लागली, जाणकारांनी वाचला आणि पसंत केला. पट्टी काढली तर खाली संदीपसरांचे नाव. त्यांनी सगळे काम नव्याने केले होते, नवी मुले, नवी चित्रे. लेखात एक वाक्य होते : ‘मुले चित्र काढत असताना मी हात मागे बांधून उभा होतो.’ वैष्णवी तोवर हायस्कुलात गेली होती. तिला शोधून, तिला विचारून, तिचे जुने उसाचे चित्रही त्यांनी दिले होते. आतल्या बिबट्याच्या रेघा शिसपेन्सिलीच्या होत्या, त्या पुसल्या गेल्या होत्या, पण त्यांचे वण राहिले होते. तेही त्यांनी लपवले नव्हते. ताईंनी ते पान कितीदा वाचले, कोण जाणे. लेख छापला, संदीपसर डॉक्टर झाले. तरीही ते कळंबला आले नाहीत. शरम अशी असते, की ती निस्तरल्यावरही पाय उचलू देत नाही.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मला प्रश्न पडला. यात जे लिहिले आहे ते ज्यांचे आहे, त्यांना मी विचारले आहे का? म्हणून हे कागद घेऊन मी पिंपळवंडीला गेलो. संदीपसर शाळेच्या पायरीवर बसून सगळे वाचत होते. एका जागी थांबले. तिथे मी लिहिले होते की लेख मागे घेतल्यावर संदीपसर काहीसे नाराज झाले.

"रशीदसर, हे ‘काहीसे नाराज’ काढा. मी लई चिडलो व्हतो. ताईंना नको नको ते बोललो फोनवर. त्यांनी तुमाला सांगितलं न्हाई?"

"नाही."

त्यांनी कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले. मग म्हणाले, "ताईंना इचारलं का, छापू का म्हणून?"

"अजून नाही."

"मग चला. मी येतो."

कळंबला पोहोचलो तेव्हा ताई पुढच्या खोलीत कुठल्याशा लेखावर पट्टी चिकटवत होत्या. दारात कोण आहे ते त्यांनी पाहिले. उठायला गेल्या, गुडघ्याने ऐकले नाही. संदीपसरांनी त्यांना बसते केले, स्वतः जमिनीवर बसले आणि हे कागद त्यांच्या मांडीवर ठेवले.

"ताई, हे तुमचंच का? छापू का?"

ताईंनी चष्मा पुसला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले. आम्ही दोघे परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. शेवटी सुरुवातीच्या पानावरच्या माझ्या चार कौतुकाच्या ओळींवर त्यांनी बोट ठेवले. "हा बिबट्या कुणी काढला, रशीद?" त्या ओळी मी खोडल्या, म्हणून त्या वाचकांना दिसणार नाहीत. आपल्या चुकीच्या प्रसंगातला एकही शब्द ताईंनी बदलला नाही. फक्त फोनचा विषय निघाला तेव्हा, संदीपसर काय बोलले ते लिहू नये, असे म्हणाल्या. "ते माझं आहे. त्याला माझी परवानगी नाही." मग संदीपसरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छापा आता. आणि तू जेवून जा."

ताईंना उदंड आयुष्य लाभो. गुडघे त्यांना साथ देवोत, डोळे पट्टीखालचे नाव न पाहता लेख वाचत राहोत. अजून पुष्कळ शाळांत जायचे आहे, पुष्कळ मुलांपुढे त्यांची चित्रे ठेवून विचारायचे आहे. गाडी माझी आहे, आणि आता सोबत संदीपसरही येणार आहेत.